बारा पानांवरची बोली

"पण हे लोक पत्ते खेळतात कधी?"

ब्रिजच्या बोलीस्पर्धेचं काम माझ्याकडे आलं, त्या पहिल्याच महिन्यात कुमुदनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हे विचारलं होतं. मी बैठकीत सतरंजीवर पोस्टकार्डांचे ढीग लावून बसलो होतो. मी तिला सांगितलं की ह्या स्पर्धेत पत्ते कुणीच खेळत नाही. खेळ सुरू व्हायच्या आत आमची स्पर्धा संपते. ती म्हणाली, "मग बरं आहे. भांडणं तरी नाहीत."

एवढ्यापुरती मात्र ती चुकली. बाकी ती फारशी चुकायची नाही.

हे काम मी बावीस वर्षं करतो आहे. पोटापाण्याची नोकरी पाटबंधारे खात्यात होती, आरेखकाची. त्यातून निवृत्त होऊन बराच काळ झाला. पण कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर माझ्या डोळ्यांपुढे कालव्यांचे नकाशे येत नाहीत, ही पोस्टकार्डं येतात. म्हणून लिहायचं तर ह्याच कामाबद्दल लिहितो. दिवसाला चार-पाच ओळी होतात. कुमुद गेल्याला दीड वर्ष झालं, आणि अलीकडे माझं सगळंच सावकाश चालतं. घाई करावी असं काही उरलेलंही नाही.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चौघं खेळतात, समोरासमोर बसलेले दोघं भागीदार. प्रत्येकाला तेरा पानं. खेळायच्या आधी बोली लागते: आपण दोघं मिळून किती हात करू आणि हुकूम कोणता ठेवू. आमच्या वसमतच्या बाजारात हळदीचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी समोरचा माल मुठीत घेऊन, गाठ मोडून पाहतो आणि मग बोलतो. ब्रिजमध्ये निम्मा माल समोरच्या भागीदाराच्या हातात असतो आणि तो आपल्याला दिसत नाही. त्यानं दाखवायचा नाही, खुणावायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. बोलीतून काय कळेल तेवढंच. आणि बोलीत शब्द किती? एक ते सात हे आकडे; इस्पिक, बदाम, चौकट, किलवर आणि बिनहुकूम; आणि पास, डबल, रिडबल. मोजून पंधरा शब्द. पंधरा शब्दांत समोरच्याला आपल्या मनातलं सांगायचं आणि त्याच्या मनातलं ओळखायचं.

आमचं मासिक बुद्धीच्या खेळांचं. त्यात दर महिन्याला मी सहा प्रश्न देतो. तुमच्या हातात ही पानं आहेत, आतापर्यंत अशी बोली झाली आहे, आता तुम्ही काय बोलाल? उत्तर एका-दोन शब्दांचं. गंमत अशी की ह्या प्रश्नांना पक्कं उत्तर नसतं. म्हणून आम्ही आठ जाणकार नेमले आहेत. तेही वाचकांसारखेच अंकातलं पान बघून आपापली बोली आणि तिचं कारण कळवतात. ज्या बोलीला सर्वांत जास्त मतं, तिला शंभर गुण. मग सत्तर, मग चाळीस. एकट्याच जाणकाराला सुचलेल्या बोलीला वीस. आणि जी आठांपैकी कुणालाच सुचली नाही, तिला शून्य.

एका वाचकानं चिडून लिहिलं होतं, "सत्य काय मतदानानं ठरतं?" बत्तीस वर्षं सरकारी खात्यात काढल्यामुळे मला ह्यात वावगं असं काही वाटत नव्हतं.

मी स्वतः ब्रिज शिकलो तो सिद्धेश्वरच्या धरणावर. वसाहतीच्या क्लबात तीन इंजिनिअर होते आणि चौथा गडी मिळत नव्हता. आरेखकाला बोलावणं कमीपणाचं, पण तिघांत खेळ होत नाही. बोलीत मी साहेबांना डबल दिलं, म्हणजे तुमची बोली पुरी होणार नाही असं बजावलं, की दुसऱ्या दिवशी माझ्या नकाशांत चुका निघायच्या. पुढे साहेब बदलून गेले, वसाहत ओस पडली, माझ्याजवळ खेळ तेवढा राहिला, आणि तोही कागदावरचा.

स्पर्धक नाना प्रकारचे. लातूरचे दोघे भाऊ एकाच घरातून वेगवेगळी पाकिटं पाठवत आणि एकमेकांनी नक्कल केल्याची तक्रार मला करत. परभणीच्या एका बँक अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नावानं एक आणि बायकोच्या नावानं एक अशी दोन उत्तरं पाठवायला सुरुवात केली. स्वतःच्या नावावर शहाण्यासारख्या बोली, बायकोच्या नावावर मनाला येईल तशा. त्या वर्षी बायकोचा पहिला नंबर आला. बाईंचा मला फोन. "माझ्या नावानं कप आलाय. हे म्हणतात तो त्यांचा आहे. तुम्ही सांगा, कुणाचा?" मी म्हटलं, ज्याचं नाव त्याचा. "मग ठीक," त्या म्हणाल्या, "मी त्यात चमचे ठेवलेत."

कपाबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, आणि खऱ्या स्पर्धकांना तिचंच मोल असतं. आठांतले सात जाणकार कायमचे. आठवी जागा वर्षभरासाठी विजेत्याची. वर्षभर त्याचं नाव जाणकारांच्या यादीत छापून येतं, आणि त्याच्या मतानं इतरांना गुण मिळतात.

आता माझ्या चुकीबद्दल.

छापण्याआधी पुण्याहून प्रुफं यायची. शुद्धलेखन मी बघायचो, पानं कुमुद मोजायची. ब्रिज तिला शेवटपर्यंत आला नाही, शिकायची इच्छाही नव्हती. ती निवडायला घेतलेली डाळ बाजूला ठेवायची, चष्मा लावायची आणि सहाही प्रश्नांवरून बोट फिरवत म्हणायची, "तेरा. तेरा. तेरा." इतक्या वर्षांत तिनं तीन वेळा चौदा काढली आणि एकदा अकरा. पान मोजणं हे ह्या धंद्यातलं सर्वांत हलकं काम, आणि खेळणाऱ्याला ते जमत नाही. आम्ही हात बघितला की लगेच विचार करायला लागतो.

तीन वर्षांपूर्वी कुमुदला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. प्रुफं माझ्या मोबाइलवर आली. सलाइन चालू होतं, ती डोळे मिटून होती. मी खिडकीपाशी उभं राहून प्रुफांवरून नुसती नजर फिरवली आणि 'ठीक आहे' असं पुण्याला कळवून टाकलं.

"मासिकाचं होतं का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"मोजली?"

"मोजली," मी म्हणालो.

चौथ्या प्रश्नात किलवरची दुरी गळाली होती.

अंक निघाला. आठ जाणकारांची उत्तरं आली, वाचकांची आली. कुमुदला तोवर घरी आणलं होतं, पण ती आतल्या खोलीत पडूनच असायची. मी औषधांच्या वेळा सांभाळत गुण मांडले. कुणीही चकार शब्द काढला नाही. वर्षाचा निकाल लागला. कोल्हापूरचे एक प्राध्यापक तीस गुणांच्या फरकानं पहिले. दुसरे जवळा बाजारचे शेख रशीद. कप कोल्हापूरला रवाना झाला.

त्यानंतर आठवड्यानं दुपारी दारात एक गृहस्थ उभे. पन्नाशीचे, पांढरा कुर्ता-पायजमा, वरच्या खिशात शिंप्याचा चपटा खडू.

"जवळा बाजारहून आलो, साहेब. रशीद. रशीद टेलर."

मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण अक्षर सहा वर्षं ओळखत होतो. हिरवी शाई, एकेक अक्षर टाके घातल्यासारखं.

"अहो, या, या. दुसरे आलात की यंदा!"

"व्हय, पाहिलं." ते खुर्चीच्या कडेला टेकले. "एक विचारायचं व्हतं. तकलीफ न्हाई ना?"

"विचारा."

"बारा पानांवर बोली लावायचा नियम नवा निघाला काय?"

मला काही कळेना. त्यांनी पिशवीतून अंक काढला. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. चौथ्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाले, "इस्पिकची चार, बदामाची दोन, चौकटची पाच, किलवरचं एक. म्या चार खेपा मोजली. मंग घरवालीला मोजाया लावली. ती म्हणली, बाराच हायेत, आन् मला मशीनवरून काहून उठवलं? पण ह्यावर आठ जाणकार बोलले. प्रोफेसरसाहेब बोलले, त्यांला शंभर भेटले. म्हणलं, आठच्या आठ तर चुकणार न्हाईत. काईतरी नियम असंल, आपल्याला ठावा न्हाई. तेवढा सांगा, म्हंजे पुढच्या साली बराबर लिहीन."

मी मोजली. चार, दोन, पाच, एक. परत मोजली.

"तुम्ही काय उत्तर दिलं होतं?"

"बोली न्हाई लिहिली. चिठ्ठी लिहिली व्हती तिथंच."

उत्तरांचा गठ्ठा कपाटात होता. त्यांच्या समोरच मी तो सोडला. अंकातून कापून पाठवलेल्या त्यांच्या उत्तराच्या कुपनावर चौथ्या चौकोनात हिरव्या शाईत बारीक लिहिलेलं होतं, "पाने बारा आहेत. तेरावे कळवावे, म्हणजे बोली कळवितो." आणि त्यावर माझ्या लाल पेनानं काढलेलं मोठं शून्य. बोलीचा शब्द दिसला नाही म्हणून मी पुढचं वाचलंच नव्हतं.

"नियम नाही, रशीदभाई," मी म्हणालो. "चूक आहे. माझी."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते उलट कानकोंडे झाले. "न्हाई, न्हाई, तुमची कशी असंल? छापणाऱ्याची असंल. मला वाटलं म्याच अडाणी."

चहा झाला. त्यांची हकिकत तेव्हा कळली. कापड बेतायला ते रद्दी आणायचे. एकदा रद्दीत आमच्या मासिकाचे जुने अंक आले. शर्टाच्या बाहीचा आकार आखताना कात्री थांबवून त्यांनी ते पान वाचलं. मग रद्दीवाल्याला सांगून ठेवलं, असली पुस्तकं वेगळी काढत जा. त्यातून ते खेळ शिकले. चारही हात स्वतःच मांडायचे, चारही बाजूंना स्वतःच बसायचं.

"कुणाबरोबर खेळला नाहीत कधी?"

"गावात कोन हाय? रमी खेळतेत, तीन पत्ती खेळतेत. हे सांगाया गेलं की म्हणतेत, रशीदभाई, नाडी किती लागंल ते सांगा." ते हसले. मग पेल्याकडे बघत म्हणाले, "कपाचं काय न्हाई, साहेब. कप तर कबड्डीतबी भेटतो. ती आठवी जागा व्हती ना… समोर बसायला कुणी न्हाई आपल्याला. तिथं आठ जणांत बसल्यासारखं झालं असतं. पण प्रोफेसरसाहेबांना भेटली, चांगलं झालं. मोठा माणूस."

ते गाडीसाठी उठले. तक्रार करायला आलो आहोत, अशी शंकासुद्धा त्यांच्या मनात नव्हती.

मी आकडेमोड केली. तो प्रश्न रद्द केला तर प्राध्यापकांचे शंभर जातात, रशीदभाईंचं शून्य जातं. रशीदभाई सत्तर गुणांनी पहिले.

संपादकांना फोन लावला. अविनाश वयानं माझ्या मुलाएवढा, कामाला चोख. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, अंक जाऊन दोन महिने झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही."

"एकाच्या आलं."

"एकाच्याच ना? त्यांना आपण उत्तेजनार्थ काहीतरी देऊ. पण हे छापलं तर आठ जाणकारांचं हसं होईल. एवढाल्या पल्लेदार कारणमीमांसा लिहिल्यात त्यांनी. उद्या ते म्हणतील, नको तुमचं सदर. मग?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि मला गप्प बसायचा मोह झाला नाही असंही नाही. जाणकार हे अविनाशचं कारण होतं. माझं कारण वेगळं होतं. कुमुद प्रत्येक अंक वाचायची. दुरुस्ती छापली की तिला कळणार होतं, मी दवाखान्यात तिला काय सांगितलं ते.

फोन ठेवला आणि आतून हाक आली.

"बारा होती म्हणे."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. मी जाऊन पलंगाशी बसलो.

"मी मोजली म्हणालो होतो तुला. मोजली नव्हती."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तुम्ही मोजता तेव्हा तुमचे ओठ हलतात. त्या दिवशी हलले नव्हते."

"डोळे मिटून होतीस की."

"एक उघडा होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, असतील तेरा. रोज असतातच की." मग म्हणाली, "तुमचा चेहरा बघवत नव्हता हो. त्यात पानं कुठं मोजायला लावू?"

आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं आणि मधल्यामध्ये जवळा बाजारच्या माणसाला शून्य मिळालं होतं. हे मी तिला म्हणालो. तिनं विचारलं, "छापलं तर त्या शिंप्याला ती जागा मिळते?"

"मिळते."

"मग अविनाशला काहून विचारत बसलात?"

त्याच संध्याकाळी मी आठही जाणकारांना लिहिलं. लपवाछपवी न करता: पानं बारा होती, मी मोजली नव्हती, प्रश्न रद्द करतो आहे, आपण बारा पानांवर बोललात हेही छापावं लागेल, राग मानू नये. प्राध्यापकांना वेगळं लिहिलं.

उत्तरं यायला लागली आणि घरात पुष्कळ दिवसांनी करमणूक झाली. कुमुद उशीला टेकून बसायची आणि मला मोठ्यानं वाचायला लावायची. सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी किलवरचं एकच पान खरं मानून बोली लावली होती. त्यांनी लिहिलं, "पेशंट तपासताना मी असं करत नाही, एवढं कृपया वाचकांना सांगा." पुण्याच्या एका हिशेबतपासनीसांनी मनातल्या मनात बदामाचं तिसरं पान धरलं होतं आणि त्याच्या जोरावर भागीदाराला पाठिंबा देऊन टाकला होता. त्यांची विनंती होती की त्यांचा व्यवसाय तेवढा छापू नये. नागपूरचे रेल्वेतले निवृत्त अधिकारी मात्र ऐकेनात. फोनवर म्हणाले, "माझ्या अंकात तेरा आहेत. तुम्ही नीट पाहा." मी म्हटलं, फोटो पाठवा. फोटो आला. पान तेच, पण किलवरच्या सत्तीपुढे पेन्सिलीनं बारीक दुरी लिहिलेली. पाठोपाठ त्यांचाच निरोप, "अक्षर माझंच दिसतं. केव्हा लिहिलं आठवत नाही."

कुमुद हसताना खोकायला लागली, मी पाणी दिलं, आणि पाणी पिऊन ती परत हसली. कुणी कुणी तेरावं पान कोणतं धरलं ह्याची तिनं माझ्याकडून यादी करून घेतली. "हे सगळे तुमच्यासारखेच," म्हणाली. "दिसत नाही ते आहे म्हणून चालतात." आमच्या संसारातले चांगले दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर मी त्या दोन आठवड्यांचं नाव घेईन. तिला दुखत असूनही.

कुणीही सदर सोडलं नाही. अविनाशनं पाव पानाची दुरुस्ती मागितली होती, शेवटी पूर्ण पान दिलं आणि आठही जणांची पत्रं छापली. त्या पानाला आलेला प्रतिसाद इतर कुठल्याच लेखाला आला नाही.

प्राध्यापकांचं तेवढं मनाला लागून राहिलं आहे. त्यांनी कप पार्सलनं परत पाठवला, सोबत तीन ओळी: "आपण जे छापलेत त्यावर मी बोललो. माझ्याकडून काही चुकले असे मला वाटत नाही. इति." ते खरंच होतं. मी त्यांना दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. त्यांचं कुपनही त्यानंतर कधी आलं नाही. एका माणसाचं नीट करताना दुसऱ्याचं उसवलं, आणि ते मला शिवता आलेलं नाही.

रशीदभाईंना मी फोनवर सांगितलं. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज होता, तो थांबला.

"रशीदभाई?"

"हाय, हाय. ऐकून राहिलो." मग म्हणाले, "म्हंजे आता माझ्या बोलीवर दुसऱ्यांला गुण भेटतील."

"हो. आणि तीन ओळींत कारण लिहायचं."

"कारण?" ते घाबरले. "साहेब, मला बोली सुचती. ती काहून सुचती ते कुटं ठावं हाय?"

जाणकार झाल्यावर मात्र त्यांचा एकही महिना चुकला नाही, एकदाही उशीर नाही. पहिल्या वर्षात बहुतेक वेळा त्यांचं मत इतरांबरोबरच पडायचं, आणि मला वाटायचं, ते इतर काय बोलतील ह्याचा अदमास घेऊन लिहीत असावेत. कपड्याचं माप घ्यावं तसं. वर्ष संपलं, नवा विजेता यायची वेळ झाली, तेव्हा नागपूरच्या रेल्वेवाल्यांनी प्रकृतीमुळे आपली कायमची जागा सोडली आणि तिथं रशीदभाईंना घ्या असं स्वतःच सुचवलं. अशी ती जागा कायम झाली.

त्याच सुमारास कुमुद गेली.

तिसऱ्या दिवशी रशीदभाई आले. त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. ज्यांना मशीनवरून उठवून बारा पानं मोजायला लावली होती, त्या. त्या आतल्या बायकांत जाऊन बसल्या. रशीदभाई माझ्याजवळ तासभर बसले. ब्रिजचं अक्षरही काढलं नाही. कुर्त्याच्या खिशातून पाकिटाचं टोक दिसत होतं, त्या महिन्याच्या उत्तरांचं. ते त्यांनी हातानं आत ढकललं आणि तसंच परत नेलं. दोन दिवसांनी ते मला पोस्टानं मिळालं, जवळा बाजारचा शिक्का असलेलं.

ते मी पंधरा दिवस फोडलं नाही. कुणाचंच फोडलं नाही. मग एका सकाळी सतरंजी अंथरली आणि बसलो.

त्या महिन्यातला दुसरा प्रश्न असा होता. भागीदारानं बोली सुरू केली आहे, शेजारच्या प्रतिस्पर्ध्यानं मध्येच आपली बोली घुसवली आहे, आणि आता पाळी तुमची. तुमच्या हातात बोलण्याजोगं बरंच आहे. सात जाणकारांनी तीन वेगवेगळ्या बोली लावल्या होत्या आणि प्रत्येकाची कारणं ठाम होती. रशीदभाईंची हिरवी शाई एवढंच म्हणत होती, "पास." खाली कारण होतं. जाणकारांची भाषा मी अंकासाठी नीटनेटकी करतो, हे माझं नेहमीचं काम. ते कारण मी होतं तसं छापलं:

"भागीदार अजून बोलून राहिला. त्याची पाळी परत येणार हाय. आपल्यापाशी सांगन्यासारकं लई असलं तरी मधात बोलू नये. पैले त्याचं आयकून घ्यावं."

बोलीबद्दल माझं मत विचाराल तर मीही पासच म्हटलं असतं, असं आता वाटतं. स्पर्धा चालवणाऱ्याला, म्हणजे मला, गुणांत थोडी वाढ करायची मुभा असते, आणि पूर्वी मी ती वापरलेलीही आहे. ह्या वेळी वापरली नाही. नियमाप्रमाणे वीस दिले आणि फोन केला.

"वीस," मी म्हणालो. "एकटेच होतात तुम्ही, रशीदभाई."

"बाकीचे सात चिडले काय?"

"छे. डॉक्टरबाईंना फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, ह्यावर विचार करायला हवा."

"मंग बराबर हाय." मशीन चालू झालं, पुन्हा थांबलं. "साहेब, वाचकांत कुणी पास म्हणलं व्हतं का?"

मी कुपनं बाजूला काढलेलीच होती. "सतरा जण."

"त्यांला काय भेटलं?"

"वीस-वीस. तुमचं मत नसतं तर सगळ्यांना शून्य."

"सतरा?"

"सतरा."

पलीकडे कुणीतरी, बहुधा त्यांच्या पत्नींनी, काहीतरी विचारलं. त्यांनी तिकडे हळूच सांगितलं, "सतरा जण हायेत." मग मला म्हणाले, "नावं सांगता काय? टाइम असंल तर. गावासकट."

वेळ होता. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. किनवट, सेलू, मंगरूळपीर, भोकर. प्रत्येक नावानंतर मी थांबत होतो, कारण रशीदभाई ते नाव सावकाश म्हणून बघत होते.